गुणाची बाळं

मावळातल्या इंदुरी गावच्या मुलींच्या शाळेवर मी रुजू झाले तेव्हा मला भाषण फार चांगलं करता येत होतं. पुण्यात शिकत असताना 'स्त्रीशिक्षण आणि समाजाचे कर्तव्य' या विषयावर बोलून मी बक्षीस मिळवलं होतं, आणि ते भाषण मला इतकं तोंडपाठ होतं की कुणी नुसतं 'काय कसं काय' विचारलं तरी त्यातलं एखादं वाक्य बाहेर पडायचं.

मी बालविधवा. नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून वाईट वाटावं इतकी आमची ओळखही नव्हती. वडिलांनी चार लोकांचं बोलणं सोसून मला शिकवलं आणि नोकरी लागल्यावर सोबतीला माझ्या आत्याला धाडलं. आत्याही विधवा, पण जुन्या वळणाची. केशवपन झालेली, लाल आलवण नेसणारी, कडक सोवळ्याची. तिला माझी नोकरी मान्य नव्हती, पण मी एकटी परगावी राहणं त्याहून मान्य नव्हतं. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली एक लांबट खोली आणि पुढे पडवी. मागच्या दोन खणांत आमचं बिऱ्हाड. आत्याचं सोवळं वाळत घालायची काठी आणि माझा फळा यांच्यामध्ये एकच भिंत होती.

उन्हाळा संपेतो शाळा बरी चालली. मग भाताची लावणी सुरू झाली आणि मुली दिसेनाशा झाल्या. रोज पट मांडायचा आणि रिकाम्या जागेकडे बघत हजेरी घ्यायची, असं चाललं. एके दिवशी मी पदर खोचून घरोघर गेले. सगळीकडे एकच चित्र. आई खाचरात, आणि माझी विद्यार्थिनी उंबऱ्यात, कडेवर धाकटं भावंड घेऊन. माझ्या तिसरीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिला अपूर्णांक असे समजायचे की मलाच नव्याने समजल्यासारखं वाटायचं. तिच्या मांडीवर वर्षाच्या आतली बहीण होती.

"शाळेत का नाही येत गं?"

"हिला कोन घील?" ती म्हणाली. तिने इतकं सरळ उत्तर दिलं की मला त्यात समाजाचं कर्तव्य कुठे घालावं ते कळेना.

म्हणून मी ते देवळापुढे घातलं. सोमवारी लावणीला खाडा असायचा. पाटलांना सांगून बायकांना जमवलं आणि बक्षीसपात्र भाषण सुरुवातीपासून म्हटलं. मुलगी शिकली तर घर शिकेल, अज्ञानाचा अंधार, ज्ञानाचा दिवा, सगळं. बायका मन लावून ऐकत होत्या. निदान मला तसं वाटलं. आत्याच्या मते त्या माझ्या पोलक्याच्या बाह्या बघत होत्या. बोलून झाल्यावर त्या हुशार मुलीची आई उठली. उंच, काटक बाई, हातांना चिखलाने भेगा पडलेल्या.

"बाई, तुमी लय चांगलं बोललात," ती म्हणाली. "पर बारकी पोरं कोन संबाळनार? तुमी?"

हा प्रश्न माझ्या भाषणात नव्हता. पण मी रंगात आले होते. छातीवर हात ठेवून मी म्हटलं, "हो, मी! माझ्या शाळेचं दार तुमच्या सगळ्या लेकरांना उघडं आहे."

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "तू कधी मूल हातात धरलंयस का गं?"

"त्यात काय धरायचंय?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पडवीत मुली कमी आणि बाळंच जास्त. काही रांगती, काही नुसतीच पडलेली, एक उभं राहून माझ्या खडूच्या डबीत हात घालत असलेलं. मुलाण्याच्या सुनेनेही आपला गुटगुटीत मुलगा आणून ठेवला होता. आया पावसाची इरली डोक्यावर घेऊन निघूनही गेल्या होत्या. मी एका बाळाला उचललं. ते हातातून असं निसटायला लागलं की मी त्याला परकराच्या ओच्यात भरलेल्या चिंचांसारखं पोटाशी दाबून धरलं. ते रडलं. ते रडलं म्हणून बाकीची रडली. त्या गलक्यात मी फळ्यावर 'तीन चतुर्थांश' लिहिलं, आणि मागे वळून पाहिलं तर माझी अख्खी तिसरी आपापली भावंडं घेऊन पडवीत फेऱ्या मारत होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. खोलीच्या तुळयांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या. मुलींनी झोळीला झोका देत देत पाढे म्हणायचे, अशी पद्धत मी काढली आणि तिला मनातल्या मनात एक भारदस्त नावही दिलं. माझ्याकडे बालसंगोपनाचं एक पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की मूल रडल्यास कारण शोधावे. मी कारण शोधेतो दुसरं रडायचं. दुपारी आया पाजायला येऊन जायच्या, तेवढ्या वेळात मी भिंतीला टेकून डोळे मिटायची. त्यांना माझी अवस्था दिसत होती. एक म्हातारी तर म्हणाली, "आमच्यात असतीस तर तुजा पाट लावला असता गं बये, तुजी तुला चार झाली असती, मंग ह्यो तरास कळला असता." आत्याने आतून भांडं आपटलं.

आत्याचं म्हणाल तर तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की या गोंधळाशी आपला संबंध नाही. पण मुलाण्याचा तो मुलगा रांगत रांगत भिंतीला वळसा घालून आमच्या बिऱ्हाडात जायचा आणि वाळत घातलेलं सोवळं खाली ओढायचा. आत्या ते पुन्हा धुवायची, पिळायची, काठीने वर घालायची. तो पुन्हा यायचा. तिने काठी उंच बांधली, तर त्याने उभं राहायला शिकून घेतलं. शेवटी एक दिवस मी पाहिलं, आत्याने त्याला समोर बसवून मुरमुरे दिले होते आणि त्याला बजावत होती, "शिवायचं नाही हं, शिवायचं नाही." तो तिच्या पायावर बसून ते खात होता.

या सगळ्या कल्लोळात एकच बाळ शांत असायचं. माझ्या हुशार मुलीची ती धाकटी बहीण. सकाळी झोळीत ठेवली की मी जवळ जाऊन अंगाई म्हणायची, आणि ती पहिल्या कडव्यालाच डोळे मिटायची. दुपारी आई पाजायला आली की अर्धवट जागी व्हायची, चार घोट घ्यायची, पुन्हा झोपायची. माझा गळा बरा नाही हे मला माहीत होतं. गाण्याच्या तासाला आमच्या बाई मला नुसतं ओठ हलवायला सांगायच्या. पण हे बाळ मात्र माझ्या आवाजाने निजत होतं. मी विचार केला, मूल जन्माला घालणं वेगळं आणि माया वेगळी. माया असली की मुलाला कळतं. या विचाराने मला इतकं भरून आलं की त्या दिवशी मी दोन कडवी जास्त म्हटली.

संध्याकाळी न्यायला आलेल्या आयांसमोर मी तिच्या आईचं तोंड भरून कौतुक केलं. "बघा, यांची मुलगी किती गुणाची! दिवसभर आवाज नाही. मुलांना वळण असं लावायचं असतं." ती बाई खाली बघून हसली. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

आणि काय नवल! पुढच्या आठ-दहा दिवसांत माझी बाकीची बाळंही गुणाची व्हायला लागली. एकेक करत सगळ्या झोळ्या शांत झाल्या. फक्त तो मुलाण्याचा मुलगा जागा असायचा, त्याला मी अपवाद समजले. तिसरीचे अपूर्णांक संपून दशांश सुरू झाले. मी फळ्यापाशी ताठ उभी राहू लागले. त्याच सुमारास दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येऊन गेले. झोळ्या पाहून आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तासभर एकाही झोळीतून हूं का चूं झालं नाही तेव्हा ते थक्क झाले.

"हे कसं साधलंत, बाई?"

"मायेनं," मी म्हटलं.

आत्या दारामागून ऐकत होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "माझा धाकटा भाऊ, तुझा बाप, तीन वर्षांचा होईतो एकदाही इतका वेळ निजला नव्हता. मला हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, तुला माझं काहीच बरं दिसत नाही.

दिपोटी येऊन गेल्यानंतर काही दिवसांतली गोष्ट. दुपारी पाजायची वेळ झाली तरी त्या हुशार मुलीची आई आली नव्हती. लावणी ओढ्यापलीकडच्या लांबच्या खाचरात होती. मी बाळाला उठवायला झोळीत हात घातला. अंग गार लागलं. उचललं तर मान मागे पडली. ओठ निळसर दिसत होते आणि श्वास इतका सावकाश चालला होता की एक येऊन गेला की दुसरा येईल याची खात्री वाटेना. मी तिला हलवलं, हाका मारल्या. पापणी अर्धी वर झाली आणि पुन्हा मिटली.

"आत्या!" मी ओरडले.

आत्या सोवळ्यात होती, स्वयंपाक चालला होता. ती तशीच आली आणि बाळाला माझ्या हातून ओढून घेतलं. पापणी उघडून पाहिली, तोंडाचा वास घेतला. मग त्या मोठ्या बहिणीला जवळ बोलावून हळू विचारलं, "बाळे, आई हिला सकाळी काय देते गं?"

"गोळी देती की," ती म्हणाली. "रोजच देती. आज दोन दिल्या, यायला उशीर हुनार हुता म्हून."

अफूची गोळी. बाजारात मिळायची, मोहरीएवढी. मी इतर झोळ्यांकडे पाहिलं.

"सगळ्याच देत्यात," मुलगी म्हणाली. "तुमी म्हनला हुता ना, हिच्यावानी गुनाची पायजेल."

पुढचं सगळं आत्याने केलं. मुलींना एकेका झोळीपाशी उभं केलं, प्रत्येक बाळ उठवून बसवायला लावलं, पळायला चपळ होत्या त्या दोघी-तिघींना खाचराकडे पळवलं. पाटलांची बैलगाडी देवळापाशीच सुटलेली होती, ती जुंपायला लावली. बाळाची आई चिखलाच्या पायांनी धावत आली, तोवर बाकीची बाळं मुलींवर सोपवून आत्या आणि मी तळेगावच्या वाटेला लागलो होतो. ती चालत्या गाडीत चढली. बाळाला घेऊन तळपायांवर चापट्या मारायला लागली.

मला गप्प राहवेना. "अहो, तुम्ही लेकराला विष दिलंत! तुम्हाला कल्पना तरी..."

"मी दिलं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "थोरलीलाबी दिलं हुतं. माज्या आईनं मला दिलं हुतं. दिसभर पान्यात वाकायचं, तर पोर काय बांदावर रडून मरू द्यायची? पर तुमच्याकडं ठिवायला लागल्यावं मी बंद करनार हुते. मग बगितलं, तुमी पार दमून गेल्याला. म्हटलं आपल्या पोरीचा तरी बाईंना तरास नको."

गाडीचं चाक चिखलात रुतलं, बैल थांबले, गाडीवान खाली उतरला. त्या वेळात ती पुन्हा म्हणाली, "आन मग तुमी गावादेखत म्हनला, गुनाची हाय."

भाषण करता येणाऱ्या माणसाला अशा वेळी काहीतरी सुचायला हवं होतं. मी खाली उतरले आणि चाकाला हात लावला. गाडीवान म्हणाला, "बाई, तुमी बाजूला व्हा, पाय चेंगरंल."

तळेगावच्या डॉक्टरांनी आधी बाळाचं पोट साफ केलं, मग काळी कॉफी थोडी थोडी चमच्याने पाजली. आमच्यावर ते पोटभर रागावले. तिच्यावर आई म्हणून आणि माझ्यावर शिकलेली म्हणून. माझ्या वाट्याला जास्त आलं. "जगेल," ते शेवटी म्हणाले, "पण अंधार पडेपर्यंत हिला झोपू द्यायचं नाही. काहीही करा."

आम्ही तिघी त्यांच्या पडवीत बसलो. बाळ मांडीवरून मांडीवर फिरत होतं. आई टाळ्या वाजवायची, आत्या थंड पाण्याचा हात फिरवायची. डोळे मिटायला लागले की आम्ही तिघी मिळून ओरडायचो. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. आत्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"आता गा," ती म्हणाली. "जोरात गा. तुझा आवाज कानाशी असताना कुणाला झोप लागणं शक्य नाही."

मी गायले. मला येणारी सगळी पदं, पाढे, राजांची वंशावळ, सगळं चाल लावून म्हटलं. बाळाने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. तिची आई तोंडात पदर कोंबून हसायला लागली, आणि हसता हसताच ती इतकी रडली की आत्याने, सोवळ्याओवळ्याचं सगळं सोडून, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

बाकीची बाळं सुखरूप होती, पण दुसऱ्या दिवशी शाळेत एकही बाळ आलं नाही आणि एकही मुलगी आली नाही. मी फळा पुसला, तारीख लिहिली, बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, संपलं. पुण्याला परत जावं. आत्या मात्र पडवीत बसून कुणाची तरी वाट बघत होती. विचारलं तर म्हणाली, ऊन खातेय. त्या दिवसांत ऊन नव्हतं.

चौथ्या दिवशी ती उंच बाई बाळाला घेऊन आली. मागे बाकीच्या होत्या. "बाई, गोळ्या बंद," ती म्हणाली. "पर ही आता रडंल. तुमी रडू द्यायचं. आन 'गुनाची' म्हनायचं न्हाई."

"नाही म्हणणार."

"आन आमी ठरवलंय, रोज दोगीजनी जवळच्या खाचरात ऱ्हातील. लय रडलं तर हाळी घाला. जी आसंल ती यील. कुनाचंबी रडू दे."

त्यानंतर माझी शाळा मावळातली सर्वांत गोंगाटाची शाळा झाली. झोळ्या झुलत होत्या, पाढे ओरडून म्हणावे लागत होते, मधूनच हाळी जायची आणि कुणाची तरी आई चिखलाच्या पायांनी येऊन दुसरीच्याच बाळाला पदराखाली घ्यायची. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या त्या मायेबद्दलच्या विचारांची फार लाज वाटली. आत्याचा कोपरा वेगळा होता. तिथे ती रांगत्यांना मुरमुरे देऊन देवाच्या गोष्टी सांगायची आणि सोवळं आता रात्री वाळत घालायची. माझी ती हुशार मुलगी एका हाताने झोका देत दुसऱ्या हाताने पाटीवर दशांश सोडवायची. उत्तर बरोबर यायचं.

पुढच्या खेपेला दिपोटी आले. दारातच त्यांनी कानांवर हात ठेवले.

"बाई, हे काय? मागच्या वेळी तर..."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी एकेका झोळीत डोकावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण झोळ्यांची शाळा कुठल्याही नियमात बसत नव्हती, आणि अफूचं कागदावर आणलं तर गावातल्या बायकांना त्रास झाला असता. त्यांनी शेऱ्यात 'शिस्तीचा अभाव' असं लिहिलं आणि माझी बदली लोणावळ्याला करवली. मला वाटतं, ती शिक्षा नसून सुटका आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढे नोकरीभर, आणि निवृत्त झाल्यावर तर फारच, लोक मला 'शेकडो मुलांची माता' म्हणत आले. हार घालून म्हणतात, त्यामुळे मध्येच थांबवता येत नाही. पण मी कुणाची आई नव्हते. दिवसभर पाण्यात वाकून, दुधाने दुखणारी छाती घेऊन, परक्या बाईच्या पडवीकडे धावत येणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. मला ते करावं लागलं नाही. मी फार तर ती पडवी होते. पडवीचाही उपयोग असतो, पण तिला कुणी आई म्हणू नये.

लोणावळ्याची शाळा दगडी होती, बाकं होती, घंटा होती. एकही बाळ नाही. पहिला आठवडा सगळं इतकं शांत होतं की माझं लक्ष लागेना. पटावर बऱ्याच मुली गैरहजर होत्या. इतर शिक्षिका म्हणाल्या, त्या गैरहजरच असतात, तुम्ही मनावर घेऊ नका. रविवारी आत्याला घेऊन मी स्टेशनाखालच्या वस्तीत गेले. रेल्वेत कोळसा वाहणाऱ्या, बंगल्यांवर आया म्हणून जाणाऱ्या बायका तिथे राहायच्या. पहिल्याच दारात एक मुलगी उभी होती, कडेवर बाळ घेऊन. आतून तिची आई बाहेर आली; सुट्टी म्हणून घरी होती. तिने आधी आत्याला पाट दिला, मला पायरीवर बसायला जागा केली.

"काय काम काडलं, बाई?" तिने विचारलं.

"काही सांगायला आले नाही," मी म्हटलं. "तुम्ही कामाला कधी निघता आणि कधी येता, ते विचारायला आले."

तिने बाळाला मुलीकडून घेतलं आणि खाली बसली. "बसा मग," ती म्हणाली. "ते सांगायला येळ लागंल."